बंद राहिलेले एंजिन आणि पूर्ववंगणाची प्रथा : पुणे परिसरातील यंत्रव्यवहाराच्या इतिहासातील एक प्रकरण

१

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून आणि कारखान्यांच्या स्थापनेच्या सनावळीतून सांगितला जातो. यंत्र कोणी घडविले, कोठे घडविले आणि किती विकले या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळतात. परंतु यंत्र विकत घेतल्यानंतर ते वापरणाऱ्याने त्याची निगा कशी राखली, ती राखण्यामागे त्याची समजूत काय होती आणि ती समजूत कोठून आली, याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच वळते. वास्तविक यंत्राचे आयुष्य कारखान्यात जेवढे जाते त्याच्या शेकडोपट ते शेतावर, रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये जाते. निगेचा इतिहास हा म्हणून यंत्रेतिहासाचा उपेक्षित, पण मोठा भाग होय.

या उपेक्षित भागातील एक लहानसा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. काही काळ बंद राहिलेले एंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याच्या अंतर्भागात तेल पोहोचविणे आवश्यक आहे काय? या क्रियेस येथे 'पूर्ववंगण' असे म्हटले आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्यासारख्या वाहनबहुल शहरातील असंख्य गाड्या आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या राहिल्या, तेव्हा हाच प्रश्न घरोघरी विचारला गेला. कोणी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे एंजिन चालवून ठेवावे असे सांगे, कोणी प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे असे सांगे, तर कोणी काहीच करू नये असे म्हणे. या तिन्ही सल्ल्यांना स्वतंत्र इतिहास आहे. ते तीन निरनिराळ्या यंत्रांच्या अनुभवांतून निघालेले आहेत, आणि ते यंत्र विसरले गेल्यानंतरही सल्ला तेवढा उरला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

२

पुण्यास बाष्पयंत्राची प्रत्यक्ष ओळख १८५८ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला तेव्हा घडली. बाष्प एंजिनाच्या व्यवहारात पूर्ववंगण हा वादाचा विषयच नव्हता. गाडी सुटण्यापूर्वी तेलाची लांब नळीची झारी घेऊन एंजिनाभोवती फेरी मारणे आणि प्रत्येक सांध्यात व प्रत्येक तेलपेल्यात तेल घालणे हे चालकाचे नित्यकर्म होते. यंत्राचे बहुतेक सांधे उघडे असत. त्यांत तेल आहे की नाही हे डोळ्यांनी दिसे आणि बोटांनी समजे. ज्यास तेल घालावयाचे त्याने ते आधी घालावे, एवढे साधे शास्त्र त्यामागे होते.

या साध्या शास्त्राखाली काय दडले आहे, याचा शोध मात्र इंग्लंडमध्ये १८८० नंतर लागला. बोशँप टॉवर यांनी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर केलेल्या प्रयोगांत, फिरत्या आसावरील बेअरिंगला पाडलेल्या भोकातून तेल जोराने वर येऊ लागले. त्यात बसविलेले बूचही ते बाहेर ढकलू लागले. फिरता आस तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यामुळे तेलात एवढा दाब निर्माण होतो की, आस धातूवर न टेकता तेलावर तरंगतो, असा त्याचा अर्थ होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्झ यांनी १८८६ मध्ये या घटनेची गणिती उपपत्ती मांडली.

या उपपत्तीतून पूर्ववंगणाच्या प्रश्नाचा गाभा स्पष्ट होतो. तेलाचा तरंगता थर हा गतीचे अपत्य आहे. एंजिन थांबले की थर मोडतो आणि आस बेअरिंगवर टेकतो. पुन्हा सुरू होताना पहिल्या काही फेऱ्यांत गती पुरेशी नसते, म्हणून धातू धातूवर घासण्याचा संभव असतो. हा संभव एक दिवस बंद असलेल्या एंजिनातही असतो आणि एक वर्ष बंद असलेल्या एंजिनातही असतो. दोहोंतील भेद एवढाच की, त्या क्षणी धातूच्या पृष्ठावर किती तेल शिल्लक आहे. येथे विल्यम हार्डी यांचे १९२० नंतरच्या दशकातील संशोधन उपयोगी पडते. तरंगता थर नाहीसा झाल्यावरही तेलातील काही रेणू धातूच्या पृष्ठास घट्ट चिकटून राहतात आणि हे अतिसूक्ष्म आवरणही घर्षण पुष्कळ कमी करते, असे त्यांनी दाखविले. 'तेल खाली उतरले म्हणजे एंजिन कोरडे झाले' ही समजूत या संशोधनापुढे टिकत नाही. बेअरिंग व आस यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. एवढ्या अरुंद फटीतील तेल केशाकर्षणाने धरून ठेवले जाते; ते लोट्यातील पाण्यासारखे ओघळून जात नाही.

३

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास एंजिनाचा परिचय झाला तो मोटारीमुळे नव्हे, तर विहिरीवरील तेल एंजिनामुळे. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या १८९० च्या पेटंटावर आधारलेली तप्तगोल एंजिने आणि त्यानंतरची विलायती डिझेल एंजिने प्रथम आली. पुढे १९३० नंतरच्या दशकात सातारा येथील कूपर कारखान्यात डिझेल एंजिने होऊ लागली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावी सुरू केलेला उद्योग १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस आला होता. त्या उद्योगाची पुढील पायरी म्हणून १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शंतनुराव किर्लोस्करांच्या कर्तृत्वाचा तो सुप्रसिद्ध भाग येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विहिरीवरील एंजिन हे हंगामी यंत्र होते.

पावसाळ्यात पिकास विहिरीच्या पाण्याची गरज नसे, म्हणून एंजिन चार-चार महिने बंद राही. ते बहुधा विहिरीच्या काठी, पत्र्याच्या किंवा गवताच्या आडोशाखाली असे. रब्बीसाठी ते पुन्हा सुरू करावयाचे, तेव्हा मधल्या काळात दमट हवा त्याच्या सिलिंडरात शिरलेली असे. बंद राहिलेल्या एंजिनाचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत नियमितपणे कोणापुढे उभा राहिला असेल तर तो मोटारमालकापुढे नव्हे, तर बागाईतदारापुढे.

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेतच होते. जुन्या तप्तगोल एंजिनांवर थेंबाथेंबाने तेल सोडणारी काचेची कुपी किंवा तेलाची पेटी असे. कुपी आधी उघडावी लागे. पेटीचा दांडा हाताने काही वेळा फिरवून तेल पुढे ढकलावे लागे. हे पूर्ववंगणच होय. पुढे आलेल्या लिस्टर पद्धतीच्या, मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या मंदगती एंजिनात दंडाच्या टोकाचा पळा तेलाच्या कुंडात बुडून तेल उडवी. तेथे दाबाने तेल पोहोचविण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या काही फेऱ्यांतच तेल सर्वत्र उडे. त्यानंतरच्या, मिनिटाला १५०० फेऱ्या घेणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या छोट्या एंजिनांत तेलपंप आला.

या सर्व छोट्या एंजिनांस समान असलेली एक गोष्ट म्हणजे हँडल. डिझेल एंजिनातील हवेचा दाब एवढा असतो की, माणसाला ते सरळ हाताने फिरविता येत नाही. म्हणून आधी दाब सोडण्याची कळ वर करून, झडप उघडी ठेवून चक्र मोकळे फिरवीत न्यावे लागे आणि वेग आल्यावर कळ खाली सोडावी लागे. ही मोकळी फिरवणी होती ती मानवी बाहूंची शक्ती पुरावी म्हणून. परंतु तिचा परिणाम असा होई की, पहिला स्फोट होण्यापूर्वीच एंजिन पंधरावीस फेऱ्या बिनभाराने फिरलेले असे, पंपाने तेल चढविलेले असे आणि बेअरिंगे ओली झालेली असत. पूर्ववंगण ही स्वतंत्र क्रिया म्हणून कोणास शिकवावी लागली नाही, कारण हँडल मारण्याच्या श्रमात ती आपोआप घडत होती. चार महिन्यांनी सुरू करताना जाणता माणूस कळ खाली सोडण्याची घाई करीत नसे. थोडे अधिक फिरवी, एवढाच फरक.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. त्यानंतर विहिरींवर विजेच्या मोटारी येत गेल्या आणि तेल एंजिनाचे हंगामी जीवन हळूहळू मागे पडले. त्याबरोबर हाताला असलेले हे ज्ञानही मागे पडले.

४

मोटारगाडीच्या इतिहासात याच घटनेची पुनरावृत्ती झालेली दिसते. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविला गेला आणि कालांतराने हँडल अनावश्यक ठरले. भारतात मात्र हँडल दीर्घकाळ टिकले. अँबॅसडर व फियाट या गाड्यांच्या पुढील भागी हँडल घालण्याचे छिद्र असे, आणि बॅटरी उतरली की त्याचा उपयोग होई. या काळात बंद पडून राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद ठेवून ती हँडलने काही वेळा फिरविणे ही सहज उपलब्ध असलेली खबरदारी होती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा तिला विशेष अर्थ प्राप्त झाला. ज्यांना परवडले त्यांनी गाड्यांवर कोळशाच्या गॅसची यंत्रणा चढविली. इतरांच्या गाड्या ठोकळ्यांवर चढल्या.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल एंजिनिअर्ससाठी सिलिंडरच्या झिजेवर केलेले संशोधन प्रसिद्ध होत होते. हे संशोधन या वादाच्या संदर्भात अत्यंत महत्त्वाचे असून त्याचा बहुधा विपर्यास होतो. 'एंजिनाची बहुतांश झीज ते सुरू होताना होते' हे वाक्य आज वंगणतेलाच्या जाहिरातींतून सर्वांना पाठ झालेले आहे आणि त्याचा अर्थ 'सुरू होताना तेल नसते म्हणून झीज होते' असा लावला जातो. विल्यम्स यांचे प्रतिपादन निराळे होते. सिलिंडरची भिंत थंड असते तेव्हा ज्वलनातून निघालेली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते, ज्वलनातील आम्ले त्यात मिसळतात आणि धातू गंजतो. पुढे दट्ट्याची कडी तो गंज खरवडून काढते. थंड एंजिनातील झिजेचे मोठे कारण घर्षणापेक्षा गंज हे आहे, तेलाच्या अभावापेक्षा आम्लाची उपस्थिती हे आहे.

हा भेद मान्य केला की, टाळेबंदीत दिल्या गेलेल्या पहिल्या सल्ल्याचे मूल्यमापन करता येते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे एंजिन जागच्या जागी चालविल्यास तेल सर्वत्र फिरते हे खरे. परंतु एंजिन पुरते तापत नाही. प्रत्येक वेळी नवे पाणी व नवे आम्ल तयार होते आणि ते वाफ होऊन निघून जाण्यापूर्वीच एंजिन बंद केले जाते. बॅटरीतून आरंभकाने घेतलेली वीजही एवढ्या वेळात बहुधा भरून निघत नाही. तेलाची काळजी घेण्याच्या भरात गंजास आमंत्रण दिले जाते. गाडी चालवावयाची तर रस्त्यावर काढून, एंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी. ते शक्य नसेल तर ती बंद राहू देणे हेच अधिक हिताचे.

हवामानाचा विचारही येथे केला पाहिजे. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतील पुष्कळ सूचना शीत प्रदेशांच्या अनुभवातून आलेल्या आहेत. गोठणबिंदूखाली तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, इतका वाढतो की, पंपापासून दूरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचण्यास बराच वेळ लागतो. पुण्यात हिवाळ्यातील किमान तापमान सामान्यतः १० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पुण्याच्या गाडीपुढील संकट थंडीचे नसून जून ते सप्टेंबर या महिन्यांतील दमटपणाचे आहे. परदेशी पुस्तिकेतील भीती येथे आली, पण ज्या थंडीमुळे ती उत्पन्न झाली ती थंडी आली नाही.

५

पुण्याच्या बाबतीत आणखी एक घटक दुर्लक्षून चालणार नाही, आणि तो म्हणजे स्कूटर. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या बजाज स्कूटरींनी या शहराच्या दोन पिढ्यांना एंजिनाचे प्राथमिक शिक्षण दिले. हे एंजिन दोन धावांचे होते. त्यात तेलाचे कुंड नव्हते, तेलपंप नव्हता. पेट्रोलमध्येच थोडे तेल मिसळले जाई आणि त्या मिश्रणातूनच सर्व भागांना वंगण मिळे. अशा एंजिनात बंद काळात पेट्रोल उडून जाते आणि तेल मागे उरते, म्हणून पूर्ववंगणाचा प्रश्न तत्त्वतःच उद्भवत नाही.

तथापि बंद राहिलेली स्कूटर सुरू करण्याचा एक सर्वपरिचित विधी होता. स्कूटर एका बाजूस तिरकी करावयाची, थोडा वेळ तशीच धरावयाची आणि मग किक मारावयाची. या क्रियेचा संबंध कार्ब्युरेटरात पेट्रोल भरण्याशी होता, वंगणाशी नव्हता. परंतु स्कूटरीवर शिकलेला मनुष्य पुढे चारचाकीचा मालक झाला तेव्हा 'बंद गाडीला सुरू करण्यापूर्वी काहीतरी करावे लागते' ही भावना तो बरोबर घेऊन आला. २००० नंतर उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, दोन धावांची एंजिने मागे पडली आणि चार धावांच्या, तेलकुंड असलेल्या एंजिनांनी त्यांची जागा घेतली. यंत्र बदलले, विधीची अपेक्षा तेवढी शिल्लक राहिली.

६

येथवरच्या विवेचनावरून पूर्ववंगण ही केवळ अंधश्रद्धा आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. ज्या एंजिनांत ती अनिवार्य आहे अशी एंजिनेही पुणे परिसराच्या परिचयाची आहेत. भारतीय सैन्याने वापरलेल्या टी-५५ व टी-७२ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यांत एंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाचा दाब उत्पन्न करणारा स्वतंत्र विद्युत पंप असतो. एंजिन फिरविण्यापूर्वी तो चालवून दाबमापकावर ठराविक दाब दिसल्याखेरीज पुढील क्रिया करावयाची नसते. जहाजांवरील व वीजनिर्मितीच्या मोठ्या डिझेल एंजिनांतही अशीच योजना असते.

या भेदाचे कारण आकारात आहे. मोठ्या एंजिनाच्या क्रँकशाफ्टचे वजन प्रचंड, तेलमार्ग लांब आणि बेअरिंगे अनेक असतात. पंपापासून शेवटच्या बेअरिंगपर्यंत तेल जाईपर्यंत मोठा भार पृष्ठांवर पडून राहतो. आणीबाणीच्या जनित्रांची गोष्ट आणखी वेगळी आहे. कोथरूड येथे १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाल्यापासून पुणे हे अशा एंजिनांचेही केंद्र झाले. रुग्णालयातील जनित्र महिनोन्महिने निश्चल असते आणि वीज जाताच काही सेकंदांत त्याला पूर्ण भार उचलावा लागतो. मोटारीला पहिली काही मिनिटे सावकाश चालविण्याची मुभा असते. या जनित्राला ती नसते. म्हणून मोठ्या जनित्रांत ठराविक काळाने किंवा सतत तेल फिरते ठेवणारा पंप बसविला जातो.

मोटारगाडीच्या बाबतीत मर्यादा कोठे आखावी? काही आठवडे किंवा दोनचार महिने बंद राहिलेल्या, सुस्थितीतील गाडीस पूर्ववंगणाची आवश्यकता नाही. फटींतील तेल, पृष्ठास चिकटलेले आवरण आणि १९४० नंतरच्या दशकापासून वंगणतेलात मिसळली जाणारी जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्ये पहिल्या काही सेकंदांपुरते रक्षण करण्यास समर्थ असतात, आणि तेवढ्या वेळात पंप आपले काम सुरू करतो. सुरू केल्यावर एंजिन एकदम जोरात न पळविणे एवढी खबरदारी पुरते. गाडी वर्षानुवर्षे उभी असेल, एंजिन उघडून पुन्हा जोडले असेल किंवा तेलपंप व तेलमार्ग पूर्ण रिकामे झाले असतील, तर मात्र प्रश्न बदलतो. अशा वेळी जुने तेल काढून नवे भरावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडेसे तेल सोडावे, एंजिन प्रथम हाताने फिरवून ते जाम झालेले नाही याची खात्री करावी आणि नंतर प्लग बाहेर ठेवूनच, इंधन व ठिणगी तोडून, तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत आरंभकाने थोडे थोडे फिरवावे. बागाईतदार कळ वर करून जे करीत होता तेच हे होय.

७

१९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि घर्षण, झीज व वंगण यांच्या अभ्यासास एका स्वतंत्र शास्त्राचे नाव मिळाले. वंगणाच्या अज्ञानामुळे राष्ट्राचे केवढे आर्थिक नुकसान होते, हे त्या अहवालाने शासनापुढे मांडले. त्याच वर्षी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु यंत्राची निगा ही कारागिराच्या सवयीतून निघून प्रयोगशाळेच्या कक्षेत येत होती, याच्या दोन्ही खुणा आहेत.

तथापि सवयीतून प्रयोगशाळेकडे जाताना काही हरवलेही. झारी घेऊन फेरी मारणाऱ्या चालकाला, दांडा फिरविणाऱ्या कामगाराला आणि कळ वर करून हँडल मारणाऱ्या शेतकऱ्याला तेल का हवे हे सांगता आले नसते. पण केव्हा हवे हे त्यांना ठाऊक होते, कारण यंत्राचा प्रतिकार त्यांच्या हाताला जाणवत होता. किल्ली फिरविणाऱ्यास किंवा कळ दाबणाऱ्यास तो जाणवत नाही. त्याच्यापाशी उरतात ते निरनिराळ्या यंत्रांवरून गोळा झालेले सल्ले, आणि त्यांपैकी कोणता आपल्या यंत्राचा आहे हे ओळखण्याचे साधन त्याला कोणी दिलेले नसते.

प्रत्येक प्रथा एका विशिष्ट यंत्राच्या, विशिष्ट हवेच्या आणि विशिष्ट श्रमाच्या संबंधात जन्मते. त्या संबंधातून ती तोडली गेली म्हणजे ती चूक ठरते असे नाही. पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती हे कळेनासे होते. तो मूळ प्रश्न शोधून काढणे हे इतिहासाचे कार्य आहे, आणि त्यासाठी कारखान्यांच्या दप्तरांइतकाच विहिरीच्या काठावरील पत्र्याचा आडोसाही अभ्यासाचा विषय झाला पाहिजे. ज्यांच्या हातांनी ती एंजिने फिरविली ती पिढी आता वेगाने विरळ होत आहे. तिच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम म्हणूनच लांबणीवर टाकण्याजोगे नाही.